पाण्यात उतरण्याआधीचं एक मिनिट

तरण तलावावर गेलं की पाणी दिसायच्या आधी वास येतो. नाकात झोंबणारा, डोळ्यांत किंचित उतरणारा तो ओळखीचा वास. तो आला की कित्येकांना बरं वाटतं. “क्लोरीन चांगलं घातलेलं दिसतंय,” असं म्हणत लोक निर्धास्तपणे मुलांना पाण्यात सोडतात. हा समज इतका घट्ट बसला आहे की खरी गोष्ट नेमकी उलटी आहे असं सांगितलं, तर समोरच्याला आपण थट्टा करतोय असं वाटतं.

तलावात क्लोरीन ज्या प्रमाणात घालतात, त्या प्रमाणात नुसत्या क्लोरीनचा वास जवळपास येतच नाही. झोंबतो तो वास क्लोरामाइन्सचा. आपल्या घामात आणि लघवीत युरिया असतो, नायट्रोजन असलेले इतरही पदार्थ असतात. क्लोरीन त्यांना जाऊन भिडलं की क्लोरामाइन्स तयार होतात. त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन पाण्यात फार वेळ राहत नाही. ते हवेत निघून येतं आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत रेंगाळतं. पोहणाऱ्याचं नाक असतं, बरोबर तिथेच. पोहून आल्यावर डोळे चुरचुरतात, खोकला येतो, काहींचा दमा उसळतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. बंदिस्त तलावात हवा खेळती नसेल तर सर्वांत जास्त त्रास काठावर दिवस काढणाऱ्या जीवरक्षकांना आणि प्रशिक्षकांना होतो. आपण तासाभराने घरी जातो, ते तिथेच असतात.

तेव्हा वास उग्र येत असेल तर समजावं की क्लोरीन मळाशी झुंजण्यात खर्ची पडतंय. महिन्याचा पगार हातात पडताच उधारी फेडण्यात संपावा आणि घरखर्चाला काही उरू नये, तशी त्याची गत होते. ज्या जंतूंसाठी ते घातलं, त्यांच्या वाट्याला थोडंच येतं. आणि तो मळ पाण्यात आपणच नेलेला असतो. पाणी कुणीतरी स्वच्छ करून आपल्याला देतं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं, पाण्यात उतरणारं प्रत्येक कुटुंब अंगावर आणि पोटात काय घेऊन येतं, त्यावर ठरतं.

एकदा सकाळची बॅच सुटल्यावर तलावाची देखभाल करणारे काका पाणी तपासत होते. आम्ही मायलेकी शेजारी उभ्या राहून बघत होतो. काका गुडघ्यांवर बसले, कोपरापर्यंत हात बुडवून त्यांनी खालचं पाणी घेतलं. वरवरचं घेऊन चालत नाही म्हणाले. काचेच्या दोन छोट्या नळ्या होत्या. एकीत त्यांनी एक गोळी टाकली, चुरून विरघळवली आणि पाणी गुलाबी झालं. शेजारी फिक्यापासून गडदपर्यंत गुलाबी चौकोनांची पट्टी होती. नळी उजेडात धरून त्यांनी रंग ताडून पाहिला. “हे मोकळं क्लोरीन, ताई. कामाला हाताशी असलेलं.” मग त्याच नळीत दुसरी गोळी टाकली. गुलाबी आणखी गडद झालं. “आणि हे एकूण. दोन्हींत जो फरक आहे ना, तेवढं क्लोरीन अडकून पडलंय.”

“कशात अडकलं?” लेकीने विचारलं.

“माणसांनी आणलेल्या घाणीत, बाळा.” गर्दीच्या दिवसानंतर हा फरक वाढतो, असंही त्यांनी सांगितलं आणि आकडे वहीत लिहून ठेवले.

ती दोन गुलाबी पाण्यातली तफावत लेकीच्या डोक्यात जशी शिरली, तशी माझी कितीही बडबड शिरली नसती. माझी तर सगळ्या पालकांना विनंती आहे की संधी मिळाली तर मुलांना ही तपासणी जवळून दाखवा. कुणी अडवत नाही. उलट आपल्या कामाची कुणी चौकशी केली की त्या माणसांना बरं वाटतं.

आकड्यांचं थोडं सांगते, कारण तलावाबाहेरच्या फलकावर ते बरेचदा लिहिलेले असतात आणि आपण न वाचता पुढे जातो. अमेरिकेतली सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था तलावात मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, ७.० ते ७.८ असावा असं सांगते. गरम पाण्याच्या टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम लागतं, कारण गरम पाण्यात ते लवकर संपतं. पीएचचा संबंध क्लोरीनच्या ताकदीशी आहे. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं. त्यातलं हायपोक्लोरस आम्ल जंतू झपाट्याने मारतं, दुसरं रूप त्या मानाने फार दुबळं. पीएच साडेसातच्या आसपास असताना साधारण निम्मं क्लोरीन ताकदीच्या रूपात असतं, आठवर गेला की जेमतेम पाव उरतं. म्हणून क्लोरीनचा आकडा चांगला आणि पीएच चढलेला, अशा पाण्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. काकांची दुसरी नळी पीएचचीच होती.

क्लोरीनचा वापर सुरू होण्याआधी तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा, पाणी गढूळ झालं की रिकामा करून पुन्हा भरायचा, अशी रीत होती. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत पिण्याच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालायला सुरुवात झाली आणि पुढे तलावांनीही ते स्वीकारलं. त्याने किती जीव वाचवले याबद्दल माझ्या मनात नुसती कृतज्ञता आहे. म्हणूनच ते वाया घालवणं मला पाहवत नाही.

ते वाया जाऊ नये म्हणून सर्वांत सोपी गोष्ट आपल्या हातात आहे. पाण्यात उतरण्याआधी अंगावरून पाणी घ्यायचं. सीडीसीच्या म्हणण्यानुसार शॉवरखाली एक मिनिट उभं राहिलं तरी अंगावरचा बहुतेक मळ निघून जातो. पण ‘अंगावरून पाणी घेणं’ म्हणजे काय, यावर माझा जरा आग्रह आहे. बहुतेक जण शॉवरखालून चालत जातात. डोकं भिजतं, खांदे भिजतात, झालं. घाम साचतो काखेत, मानेमागे, जांघेत. आणि ज्या जागेबद्दल कुणी बोलत नाही ती जागा सर्वांत महत्त्वाची. माणसाच्या गुदद्वाराभोवती सरासरी ०.१४ ग्रॅम इतकी विष्ठा चिकटलेली असते, असा अंदाज पाण्याच्या अभ्यासकांनी केलेला आहे. एवढीशी! पण तलावात शंभर माणसं उतरली तर चौदा ग्रॅम झाली. लहान मुलांच्या बाबतीत हा आकडा किती वाढत असेल, याची कल्पना त्यांचे कपडे धुणाऱ्या कुठल्याही आईबापाला असेल. म्हणून मुलाला शॉवरखाली उभं करायचं, कॉस्च्युम घालायच्या आधीच, आणि साबण लावून खालची जागा नीट धुवायची. कॉस्च्युम चढवल्यावर केलेली अंघोळ निम्मीच होते.

केसांना तेल असेल, चेहऱ्यावर क्रीम किंवा मेकअप असेल, काखेत डिओडरंट असेल, तर तेही आधीच काढलेलं बरं. या सगळ्यांशीही क्लोरीनला झुंजावं लागतं, शिवाय गाळणीवर तेलकट थर बसतो. केस आधी साध्या पाण्याने भिजवून घेतले तर ते तलावाचं पाणी कमी शोषतात आणि रखरखीत कमी होतात, हा आपला स्वतःचा फायदा. उन्हात पोहायचं असेल तर सनस्क्रीन मात्र टाळू नये. अंघोळ आधी, मग सनस्क्रीन, ते अंगात मुरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग पाण्यात. मुलांना ती पंधरा मिनिटं युगासारखी वाटतात. त्या वेळात त्यांना संडासला जाऊन यायला सांगावं, दोन्ही कामं होतात.

लघवीचा विषय निघाला की हशा पिकतो, पण या विषयावर गंभीर अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक युक्ती वापरली. लघवी थेट मोजणं अवघड, म्हणून त्यांनी पाण्यात एसेसल्फेम पोटॅशियम शोधलं. हा एक कृत्रिम गोडवा आणणारा पदार्थ. तो शरीरात पचत नाही, जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो आणि क्लोरीनलाही दाद देत नाही. दोन शहरांतल्या ३१ तलाव आणि टबांचं पाणी त्यांनी तपासलं आणि तो सगळीकडे सापडला. सुमारे ८ लाख ३० हजार लिटर पाण्याच्या एका मोठ्या तलावात साधारण ७५ लिटर लघवी असल्याचा अंदाज निघाला. एखादं चुकार मूल एवढी करू शकत नाही, हे उघड आहे. पोहणारी मोठी माणसंही त्यात आहेत.

मुलांना भीती घालायला एक जुनी गोष्ट सांगतात, की पाण्यात असा रंग मिसळलेला असतो, लघवी केली की आजूबाजूचं पाणी निळं किंवा लाल होतं. तलावांत असा रंग वापरत नाहीत. मुलांना खोटं सांगून धाक घालणं मला पटत नाही. एक तर एखादं मूल प्रयोग करून बघतंच आणि रंग येत नाही हे कळल्यावर आपलं पुढचं कुठलंच सांगणं ऐकत नाही. आणि खरी गोष्ट त्याहून जास्त परिणाम करते. मी लेकीला सांगितलं, की लघवीतला युरिया आणि क्लोरीन मिळून तो डोळे झोंबवणारा वायू होतो, आणि तो सगळ्यांच्या नाकात जातो, तुझ्या मैत्रिणीच्याही. तिच्या एका मैत्रिणीला दमा आहे. तेवढं पुरलं. तासाभराने सगळ्या मुलांना पाण्याबाहेर काढून संडासला न्यायचं, हा नियमही उपयोगी पडतो. खेळात रमलेलं मूल स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे. जुलाब होत असताना तलावात उतरायचं नाही. मोठ्यांनी नाही, लहानांनी नाही, “आता एकदाच झाली होती” म्हणूनही नाही.

क्लोरीन सगळे जंतू क्षणात मारतं, असं आपण धरून चालतो. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. १ पीपीएम क्लोरीनमध्ये ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. हेपॅटायटिस ए च्या विषाणूला १६ मिनिटं लागतात, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीला ४५. म्हणजे योग्य देखभाल असलेल्या तलावातसुद्धा, कुणी मागे सोडलेला जंतू काही मिनिटं जिवंत असू शकतो आणि तेवढ्यात शेजारच्या मुलाच्या तोंडात जाऊ शकतो. पण क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, नावाचा एक परजीवी आहे, त्याची गोष्टच निराळी. त्याच्याभोवती कठीण कवच असतं आणि त्या कवचाच्या आत तो त्याच पाण्यात दहा दिवसांहून जास्त तग धरतो. आकार चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, त्यामुळे वाळूच्या गाळणीतूनही सहज निसटतो. आजारी माणसाच्या एका वेळच्या शौचातून त्याची कोट्यवधी कवचं बाहेर पडतात, आणि दुसऱ्याला आजारी पाडायला दहा कवचंसुद्धा पुरतात. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो पिण्याच्या पाण्यातून पसरला होता. क्लोरीन घातलेलं, गाळलेलं पाणी होतं ते. तरीही अंदाजे चार लाखांहून अधिक लोक आजारी पडले.

धडधाकट माणसाला यात एक-दोन आठवडे पाण्यासारखे जुलाब होतात, पोटात कळा येतात आणि मग बरं वाटतं. तान्ह्या बाळांच्या अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा अवयवरोपण झालेले, त्यांच्या जिवावरही बेतू शकतं. तलावात आपल्या शेजारी कोण पोहतंय, त्याला कुठला आजार आहे, त्याच्या घरी कोण अंथरुणावर आहे, आपल्याला काहीच माहीत नसतं. म्हणून हा नियम मला इतर सगळ्या नियमांहून मोठा वाटतो.

आणखी एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. जुलाब थांबले तरी क्रिप्टोची कवचं काही दिवस शौचातून पडतच राहतात. त्यामुळे साधे जुलाब झाले असतील तर थांबल्यावर निदान ४८ तास, आणि तपासणीत क्रिप्टो निघालं तर थांबल्यापासून पूर्ण दोन आठवडे तलाव बंद. आमच्या धाकट्याच्या तपासणीत ते निघालं तेव्हा घरात चांगलाच वाद झाला. दोन-तीन दिवसांत तो उड्या मारायला लागला होता.

“अगं, बरा झालाय की आता तो. कशाला अडवतेस? बॅच बुडेल,” माझे सासरे म्हणाले.

“बाबा, तो बरा झालाय, पण त्याच्यापासून दुसऱ्याला होऊ शकतं अजून.”

“तलावात एवढं औषध घालतात, ते कशाला मग?”

मी त्यांना कवचाचं सांगितलं, दहा दिवसांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग स्वतः नातवाला बोलावून म्हणाले, “हे बघ, तुझ्यासारखंच कुणाचं तरी नातू-नात तिकडे पोहायला येतं. तुझ्यामुळे ते आजारी पडायला नको. पंधरा दिवस आपण बागेत जाऊ.” मला जे चार वाक्यांत नीट जमलं नव्हतं, ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं. प्रशिक्षकांना फोन करून खरं कारण कळवलं. काहींना असं कारण सांगायचा संकोच वाटतो, ‘बरं नाहीये’ एवढ्यावर भागवतात. पण तलावावर त्याच सुमारास आणखी मुलांना जुलाब झाले असतील, तर प्रशिक्षकांना ते एकत्र जोडून बघता येतं आणि देखभाल करणाऱ्यांना वेळेत पावलं उचलता येतात. तेव्हा कारण सांगावंच.

तान्ह्या आणि रांगत्या मुलांसाठी पोहण्याचे डायपर मिळतात. ते घातले की काळजी मिटली, असं पाकिटावरच्या हसऱ्या बाळाकडे बघून वाटतं. घट्ट शौच झाली तर ते ती धरून ठेवतात, पण पातळ शौच ते अडवू शकत नाहीत, फार तर काही मिनिटं लांबवतात. म्हणून डायपर घातला तरी अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला बाहेर घेऊन बघायचं. आणि तो बदलायचा आत, बदलायच्या खोलीत किंवा संडासात. काठावर, खुर्चीवर टॉवेल पसरून बदलणारे पालक मी पाहते तेव्हा त्यांची अडचणही कळते. बाळ रडत असतं, खोली लांब असते, दुसरं मूल पाण्यात असतं. पण काठावर सांडलेलं पहिल्या लाटेबरोबर पाण्यातच जातं. बरोबर आणखी एखादं मोठं माणूस असेल तर कामं वाटून घेता येतात. आपण एकट्याच असू तर दोन्ही मुलांना बाहेर काढून बरोबर न्यायचं. पाण्यातल्या मुलाला एकटं सोडणं स्वच्छतेच्या नावाखालीसुद्धा नको. बदलून झालं की आपले आणि बाळाचे, दोघांचेही हात साबणाने धुवायचे.

मूल पाण्यातच शी करून बसलं तर? होतं असं. कुणाचंही मूल असू शकतं. अशा वेळी चटकन मुलाला उचलून, आजूबाजूला बघत निघून जाणं हाच सर्वांत मोठा घात. लगेच जीवरक्षकाला सांगायचं, आणि घट्ट होती की पातळ हेही सांगायचं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. घट्ट असेल तर ती काढून, क्लोरीन २ पीपीएमवर नेऊन, साधारण अर्धा तास पाणी रिकामं ठेवलं की भागतं. पातळ असेल तर क्रिप्टोची शक्यता धरून चालतात. क्लोरीन २० पीपीएमपर्यंत वाढवून पावणेतेरा तास तसंच ठेवावं लागतं, म्हणजे तो दिवस तलाव बंद. लोकांची कुरकुर होते, चिडचिड होते. मुलाच्या आईकडे वळून बघणाऱ्या नजराही मी पाहिल्या आहेत. खरं तर ती बाई पुढे येऊन बोलली म्हणून त्या सगळ्यांची मुलं वाचली. तिचे आभार मानायला हवेत.

पाणी तोंडात जाण्याचंही बघायला हवं. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पाऊण तासाच्या पोहण्यात मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलिलिटर आणि मोठ्यांच्या पोटात १६ मिलिलिटर पाणी गेलं होतं. म्हणजे मुलांच्या पोटात मोठ्यांच्या दुपटीहून जास्त. तोंडात पाणी भरून एकमेकांवर पिचकाऱ्या मारणं हा मुलांचा आवडता खेळ. तो थांबवणं जड जातं, पण थांबवावा. त्याऐवजी हातांनी उडवा म्हणावं. मूल नवीन शिकत असेल तर त्याला श्वास पाण्यात सोडायची सवय लवकर लावावी, गटांगळ्या कमी खाईल आणि पाणीही कमी पोटात जाईल. प्यायच्या पाण्याची बाटली काठावर हाताशी असू द्यावी. तहानलेलं मूल तलावाचं पाणी तोंडात घोळवतं, हे बारकाईने बघितलं तर दिसेल.

मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या वाचून अनेक पालक धास्तावतात. त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. आजार अत्यंत दुर्मिळ पण फार घातक. तो पाणी प्यायल्याने होत नाही, नाकातून वर गेल्याने होतो. त्याला कोमट गोडं पाणी मानवतं. पुरेसं क्लोरीन असलेल्या तलावात तो टिकत नाही, आणि ज्या तलावाची देखभालच नीट नाही तिथे मात्र धोका उरतो. म्हणजे पुन्हा त्या गुलाबी नळीपाशीच येतो आपण.

पाण्याबाहेरच्या गोष्टी त्या मानाने सोप्या. ओल्या फरशीवर अनवाणी चालू नये, कारण पायाच्या बोटांमधली बुरशी आणि तळपायाचे चामखीळ तिथेच पसरतात. चप्पल वापरावी, घरी आल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करावी. टॉवेल ज्याचा त्याचा. भावंडांतही वाटून घेऊ नये. मोलस्कम नावाचे मोत्यासारखे बारीक, टणक फोड मुलांच्या अंगावर येतात, ते विषाणूमुळे येतात आणि टॉवेल, किकबोर्ड अशा वस्तूंवरून पसरतात. फोड असतील तर पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकून पोहता येतं, मुलाला घरी डांबायची गरज नाही. वाहती जखम असेल तर मात्र भरून येईपर्यंत थांबावं.

कानात पाणी राहिलं की बाहेरच्या कानाला जंतुसंसर्ग होतो, आणि दुखणं असं असतं की कानाची पाळी हलवली तरी मूल कळवळतं. पोहून झाल्यावर मान एका बाजूला कलती करायची, पाळी हलकेच इकडेतिकडे ओढायची, पाणी निघतं. मग टॉवेलने बाहेरून टिपायचं. कापसाची काडी आत घालू नये, तिने आतली त्वचा खरचटते आणि जंतूंना वाट मिळते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पोहणं अजिबात नको. अकँथअमिबा नावाचा जीव लेन्स आणि डोळ्याच्या मध्ये अडकला तर बुबुळाला इजा होते आणि नजर जाऊ शकते. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात, ते घ्यावेत.

छोट्या मुलांच्या उथळ तलावाकडे विशेष लक्ष द्यायला हवं. पाणी थोडं, उन्हाने पटकन तापणारं, आणि उतरणारी मुलं डायपरमधली. क्लोरीन तिथे सर्वांत लवकर संपतं, म्हणून तपासणीही जास्त वेळा व्हायला हवी. गरम पाण्याच्या टबात पाच वर्षांखालच्या मुलांना नेऊच नये. त्यांचं शरीर लवकर तापतं. शिवाय टबाची निगा नीट नसेल तर त्या वाफेतून लिजिओनेला नावाचा जंतू श्वासात जाऊ शकतो, आणि घरातल्या वयस्कर मंडळींना त्यापासून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

पाण्यात उतरण्याआधी मी काठावर थांबून खाली बघते. खोल बाजूला तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पाणी गढूळ आहे आणि बुडालेलं माणूसही वरून दिसणार नाही. अशा वेळी पोहायचं नाही, परत फिरायचं. काठाच्या फरशांना आतून हात लावते. बुळबुळीत लागल्या तर तिथे जंतूंचा थर जमला आहे असं समजावं. मग फलकावरची आजची नोंद बघते. नसेल तर विचारते. शांतपणे विचारलं तर बहुतेक ठिकाणी वही पुढे करतात.

आणि एक गोष्ट मी जाईन तिथे व्यवस्थापनाला आवर्जून सांगते. शॉवरचं पाणी कोमट असू द्या. थंडगार पाण्याखाली कुणी एक मिनिट उभं राहत नाही, लहान मूल तर मुळीच नाही. शॉवर पाण्याच्या वाटेवरच हवेत, आडबाजूला नकोत. आंघोळीच्या साबणाची बाटली भिंतीला लावलेली हवी, आणि लहान मुलांसाठी एक नळ खाली, त्यांच्या उंचीला हवा. खर्च होतो, मान्य आहे. पण नुसत्या ‘कृपया अंघोळ करून पाण्यात उतरावे’ या पाटीने आजवर फारसं कुणी अंघोळ केलेलं मी पाहिलेलं नाही, आणि कोमट पाणी असलेल्या ठिकाणी मुलं शॉवरखालून निघायला तयार नसतात.